ती घरीच असते

सल्लागार बाईंनी तो प्रश्न विचारला तेव्हा वहिनी दंतवैद्याच्या खुर्चीखाली उताण्या पडल्या होत्या. ओठांत सहा टाचण्या, एका हातात पक्कड आणि दुसऱ्या हाताने ताणून धरलेलं हिरवं रेक्झिन. खुर्ची उद्या सकाळी जायची होती. तिच्यामागे नव्या नाट्यगृहाच्या दोनशे ऐंशी खुर्च्यांची कव्हरं वाट बघत होती, म्हणून रविवार असूनही कारखान्यात एक माणूस काम करत होतं. बाकीचे चौघे कापणीच्या लांब टेबलाभोवती बसून म्हातारपणाचा विचार करत होते.

"आणि वहिनींचं उत्पन्न काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"निरंक लिहा," दादा म्हणाले. "ती घरीच असते."

बाईंचं पेन कागदावर टेकलंसुद्धा असेल. वहिनींना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. खुर्चीखाली आवाज घुमतो. मग धाकटे भाऊजी म्हणाले, "हो हो, पुढचं घ्या," आणि वहिनींच्या लक्षात आलं की सगळ्यांनी नीट ऐकलं आहे आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटलेलं नाही.

त्यांनी एकेक करून सहाही टाचण्या तोंडातून काढल्या आणि कोपरं टेकत त्या खुर्चीखालून बाहेर आल्या.

"कुठे असते मी?"

कारखान्यात सगळे त्यांना वहिनीच म्हणत. लग्न होऊन आल्या त्या आठवड्यात दिरानं हाक मारली, ती कारागिरांनी उचलली, मग गिऱ्हाइकांनी आणि शेवटी फोमच्या व्यापाऱ्यानंही. तेहतीस वर्षांत शहरातल्या निम्म्या लोकांची बूडं त्यांच्या शिवणीवर टेकली असतील. सासऱ्यांनी सुरू केलेला हा गाद्या-खुर्च्यांचा कारखाना. सांगाडे आणि स्प्रिंगा दादांकडे, बाहेरची कामं आणणं आणि वसुली भाऊजींकडे, कापणं-शिवणं वहिनींकडे. आता दादांना बासष्टावं लागलं होतं, उजवा खांदा वर होत नव्हता. भाऊजींना तयार फर्निचरचं दुकान टाकायचं होतं. जागेला गिऱ्हाईक लागलं होतं, शुक्रवारी विसार घ्यायचा होता. तेवढ्यात लेकीनं, म्हणजे दादा-वहिनींच्या एकुलत्या एक मुलीनं, हट्ट धरला की जागा विकण्याआधी कोणीतरी जाणत्या माणसाकडून बघून घ्या, पुढची पंचवीस वर्षं निघतात का. म्हणून या सल्लागार बाई.

"अगं, फॉर्मची भाषा असते ती," दादा म्हणाले. "पगार घेत नाहीस ना तू? मग काय लिहिणार?"

"पगार मी घेत नाही की तुम्ही देत नाही?"

"वहिनी," भाऊजी हसले. गिऱ्हाइकानं भाव पाडला की हसायचे तसंच. "दादाचं ते तुमचंच ना? एका घरात कसली वाटणी?"

"असं? मग तुमचं ते जाऊबाईंचंच. त्यांना सांगा उद्यापासून नोकरी सोडायला."

धाकट्या जाऊबाई टेबलाच्या टोकाला फोनमध्ये बघत बसल्या होत्या. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं रक्त तपासणारी बाई. या दोघींचं कधी फारसं पटलं नव्हतं. वहिनींच्या मते जाऊबाईंना शिष्टपणा होता, आणि जाऊबाईंच्या मते वहिनींना शहीद होण्याची हौस. त्यांनी फोनवरून मान वर केली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"मी जरा विचारू?" सल्लागार बाई म्हणाल्या. भाऊजींनी आणलेली जुनी फाइल त्या चाळत होत्या. "कारखान्यातर्फे दर महिन्याला निवृत्ती निधीत पैसे भरले जातात ना, त्याचा हा मूळ अर्ज आहे. बावीस वर्षांपूर्वीचा. इथे हिस्सेदार म्हणून तीन नावं आहेत."

"दोन," दादा म्हणाले.

"तीन लिहिलीयेत. तिसरं खोडलंय."

वहिनींनी हात पुसले आणि टेबलाशी आल्या. कागद पिवळा पडला होता, पण अक्षर त्यांनी लांबूनच ओळखलं. सासऱ्यांचं. पट्टीने आखल्यासारखं चौकोनी. कापडावर खडूने मापं लिहायचे ते अगदी तसंच. पहिलं नाव थोरल्याचं, दुसरं धाकट्याचं, तिसरं वहिनींचं, आणि त्यापुढे 'कापणी व शिवण, समान हिस्सा'. त्या ओळीवर दोन आडव्या रेघा मारल्या होत्या. शेजारी छोटी सही.

सहीसुद्धा ओळखीची होती. तेहतीस वर्षं लेकीच्या शाळेच्या वहीवर, विजेच्या बिलावर, गिऱ्हाइकांच्या पावत्यांवर बघितलेली.

"हे तुम्ही खोडलंत."

दादांनी टेबलावरचा खडू उचलून बाजूला ठेवला.

"अहो, मी विचारतेय. हे तुम्ही खोडलंत?"

"बाबा गेल्यावर लगेच तंगीचं वर्ष आलं," दादा म्हणाले. "तिघांचा हप्ता जाईना. काहीतरी कमी करायला हवं होतं."

"तंगी होती तर स्वतःचं नाव खोडायचं."

"माझं कसं खोडणार? मी घरातला कर्ता माणूस—"

"कर्ता!" वहिनींचा आवाज पत्र्यावर आदळून परत आला. "त्या वर्षी काय केलं होतं तुम्ही, सांगू? त्या वर्षी बससेवेचं काम आलं होतं. चारशे सीटं. माझा डावा पाय प्लास्टरमध्ये होता. मशीनची पायपट्टी मी उजव्या पायाने मारत होते, डावा पाय स्टुलावर ठेवून. तुम्ही मला म्हणालात, कागदपत्रांचं सगळं नीट लावलंय, तू त्यात डोकं घालू नकोस. हे लावलं होतंत?"

दादांनी फाइल मिटायला हात पुढे केला. वहिनींनी कागदावर तळवा ठेवला.

त्यांना त्या क्षणी आठवत होते ते दादा नव्हतेच. म्हातारा आठवत होता. त्यानं त्यांना कापायला शिकवलं होतं, कापडाची नस कशी बघायची, नक्षी दोन गाद्यांवर सलग कशी धरायची. आणि सासरे गेले तेव्हा कारखान्याची व्यवस्था दोन मुलांच्या नावे निघाली म्हटल्यावर वहिनींच्या मनात कायमचा सल बसला, की या माणसानं आपल्याला राबवून घेतलं आणि मोजलं नाही. त्यांच्या अंत्यविधीला वहिनी रडल्या नव्हत्या. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली? रागावलेली होती. बावीस वर्षं त्या एका मेलेल्या माणसावर रागावून होत्या, आणि ज्याच्यावर रागवायला हवं होतं त्याला रोज दोन वेळा जेवायला वाढत होत्या.

"भाऊजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला... दादा म्हणाला, वहिनींशी बोलून केलंय."

"आणि तुम्ही मला विचारलं नाहीत. रोज तर मी समोर होते."

"बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, वहिनी. आता उगाळून काय उपयोग?"

"उपयोग आहे," सल्लागार बाई हळूच म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंना कुठेतरी दुसरीकडे असायला हवं होतं असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, पण पाठ ताठ होती. "कारण दुसराही एक मुद्दा आहे. दादांनी मागच्या महिन्यात पेन्शनचा पर्याय निवडलाय. त्यात दोन प्रकार असतात. एकात रक्कम थोडी कमी मिळते, पण एकाच्या पश्चात जोडीदाराला सुरू राहते. दुसऱ्यात थोडी जास्त मिळते आणि माणूस गेला की संपते. दादांनी दुसरा निवडलाय."

"म्हणजे?" वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे दादांच्या माघारी तुम्हाला त्यातून काही नाही. तुम्ही सत्तावन्नच्या आहात. तुमच्या घरच्या बायका किती जगल्या?"

"आई ब्याण्णवची होऊन गेली."

बाईंनी काही आकडेमोड केली नाही. गरजच नव्हती.

वहिनी दादांकडे वळल्या, आणि तेव्हाच त्यांना दिसलं की टेबलाच्या पलीकडे लेकीनं लॅपटॉपचं झाकण हलकेच खाली केलंय. लेक बत्तीस वर्षांची, एका गोदामात मालाचा हिशेब ठेवायची. गेली चार वर्षं कारखान्याचे ऑनलाइन व्यवहार तीच बघत होती.

"फॉर्म कोणी भरला?" वहिनींनी विचारलं.

"आई, ऐक ना..."

"कोणी भरला?"

"मी. बाबा म्हणाले, ज्यात जास्त रक्कम येते तो निवड. मला वाटलं तुझ्याशी बोलणं झालंय."

"एकाला वाटलं बोलणं झालं असेल, दुसरीला वाटलं बोलणं झालं असेल. मी काय मुकी आहे? बहिरी आहे? मागच्या महिन्यात तू तीन रविवार माझ्या हातचं जेवलीस. एकदा विचारलं असतंस, आई, बाबांच्या मागे तू काय खाणार?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी ते बघून वहिनी विरघळल्या असत्या. आज त्यांना त्या पाण्याचाही राग आला.

"रडू नकोस. आत्ता माझी पाळी आहे, आणि मीसुद्धा रडत नाहीये."

"बास झालं!" दादांनी डावा हात टेबलावर आपटला. खडूचे तुकडे उडाले. "परक्या बाईसमोर तमाशा लावलायस. कोणी उपाशी मारतंय का तुला? लेक आहे, जावई आहे, मी आहे. जास्त रक्कम निवडली ती घरासाठीच ना? मी काय ती चैनीत उडवणार होतो?"

"तुम्ही आहात. तुम्ही नसाल तेव्हाचं बोलतोय आपण."

"म्हणजे मी मरायची वाट बघतेस?"

"बघितली असती तर निदान चौकशी तरी केली असती आधी!"

भाऊजी उठले. त्यांना शुक्रवार दिसत होता. "हे बघा, शांत व्हा दोघंही. वहिनींचं काहीतरी करू आपण. जागेचे पैसे आले की दादाच्या वाट्यातून त्यांच्या नावानं एक ठेव ठेवू. कसं? नाट्यगृहाचं काम तेवढं वेळेवर देऊ या, ते अडकलं तर सगळंच अडकेल."

"काहीतरी करू," वहिनी म्हणाल्या. "आयजीच्या जिवावर बायजी उदार. भाऊजी, माझ्याच पैशांतून मला दान?"

त्या शिवणयंत्राकडे गेल्या. यंत्राशेजारी नाट्यगृहाचं तांबडं कापड गठ्ठ्यांनी पडलं होतं. त्यांनी यंत्राचा प्लग काढला आणि वायर गुंडाळून ठेवली.

"जागेचे तीन भाग. सारखे. सासऱ्यांनी लिहिले होते तसे. पेन्शनचा फॉर्म बदलायचा. हे लिहून सह्या होईपर्यंत एकही कव्हर शिवलं जाणार नाही."

"कायद्यानं तुझं नाव कुठे आहे?" दादा म्हणाले.

ते वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी लगेच खांदा चोळायला घेतला.

"नाही कुठे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही खोडलंत. आता दोनशे ऐंशी खुर्च्या त्या दोन रेघांनी शिवून घ्या."

"बाहेरून शिवून घेऊ," भाऊजी म्हणाले. "माणसं काय मिळत नाहीत?"

"मिळतील. अकरा दिवसांत दोनशे ऐंशी, पाठीची नक्षी एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर सलग. शोधा."

भाऊजींनी तोंड उघडलं, पण बोलणं दुसरीकडूनच आलं.

"तीन भागांवर आमचा होकार आहे," धाकट्या जाऊबाई म्हणाल्या.

"तू मध्ये पडू नकोस," भाऊजी म्हणाले.

"मी मध्येच आहे. तुम्ही दुकान टाकायला निघालात ते कशाच्या जोरावर? पुढच्या वर्षी माझी पेन्शन सुरू होतेय, घर चालेल, म्हणून. माझ्या नावावर माझं काही आहे म्हणून तुम्हाला शांत झोप लागते. ताईंच्या नावावर असतं तर दादांनाही लागली असती." त्या वहिनींकडे वळल्या. आवाजात माया नव्हती, नेहमीचा करडेपणाच होता. "आणि ताई, तुमचंही चुकलंच. तेहतीस वर्षांत एक कागद वाचायला मागितला नाहीत. मी वीस वर्षांपूर्वी विचारलं होतं, तुमचं कुठे काही जमा होतं का. तुम्ही म्हणालात, आमच्यात असलं नसतं."

वहिनींना ते आठवलं. त्यांनी ते उत्तर मोठ्या तोऱ्यात दिलं होतं, तेही आठवलं. त्याचाही राग आला, पण तो कोणावर काढावा ते त्यांना कळेना.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आता मागतेय."

सल्लागार बाईंनी फॉर्म उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर नव्यानं सुरुवात केली. तीन वाटे धरले, पेन्शनचा पहिला प्रकार धरला. भाऊजी दर दोन मिनिटांनी एखादा आकडा वाढवायला सांगत, आणि बाई दर वेळी विचारत, "हा आकडा खरा आहे की हवासा आहे?" दादा भिंतीकडे बघत होते. अर्ध्या तासानं बाईंनी पेन खाली ठेवलं.

"धाकट्या भावांचं दुकान होईल, पण लहान. वहिनींना एकट्या राहायची वेळ आली तरी त्या ब्याण्णवपर्यंत काटकसरीनं निभावतील. दादा, तुम्हाला मात्र आत्ता थांबता येणार नाही. आणखी चार वर्षं काहीतरी कमवावं लागेल. तुम्ही दोघांनीही."

"खांदा बघितलात का माझा?" दादा म्हणाले. "चार वर्षं! तेरा वर्षांचा असल्यापासून हातोडा मारतोय मी. मला थांबायचंय."

त्या आवाजात पहिल्यांदाच राग नव्हता, नुसता थकवा होता. वहिनींना तो ऐकू आला. पण त्यांचा स्वतःचा खांदाही दुखत होता, मनगटंही दुखत होती, आणि त्या कुठे थांबणार आहेत हे आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं.

"तुम्ही तयार आहात असं तुम्हाला वाटत होतं," त्या म्हणाल्या. "कारण मला धरलंच नव्हतंत. मला धरलं की तुम्ही तयार नाही. एवढंच आहे."

सोमवारी सह्या झाल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. भाऊजींनी बाहेरचे दोन शिवणकाम करणारे आणून बघितले. एकानं नक्षी बघून हात जोडले, दुसऱ्यानं तीन पाठी शिवल्या, त्या नाट्यगृहाच्या माणसानं परत पाठवल्या. घरात दादा वहिनींशी बोलत नव्हते. वहिनी स्वयंपाक एका माणसाचा करत होत्या. पहिल्या दिवशी दादांना वाटलं, नजरचुकीनं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेरून आणून खाल्लं. बुधवारी लेक आली, आईनं दार उघडलं पण आत ये म्हटलं नाही. लेकीनं उंबऱ्यातच कागद पुढे केला. पेन्शनचा बदललेला फॉर्म, फक्त दादांची सही बाकी.

"मी आज सुट्टी घेऊन जाऊन आले त्यांच्या ऑफिसात," ती म्हणाली. "अजून बदलता येतो. मी बाबांना सांगितलंय, सही झाली नाही तर उद्यापासून कारखान्याचं एकही काम मी बघणार नाही."

"बस," वहिनी म्हणाल्या. ती बसली. त्या दिवशी स्वयंपाक दोन माणसांचा झाला.

गुरुवारी दुपारी वकिलाच्या टेबलावर दादांनी दोन्ही कागदांवर सही केली. कोणाकडे न बघता, पेन कागदात रुतवून. भाऊजींनी सही करताना बायकोकडे असं पाहिलं की जणू तीच परकी होती. जाऊबाईंनी आपल्या पर्सची चेन लावली आणि घड्याळ बघितलं. इस्पितळातली त्यांची ड्यूटी तीनला सुरू होत होती. वहिनींनी सगळा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वकील दोनदा खाकरला. त्यांनी चष्मा पुसला आणि दुसरं पान पुन्हा वाचलं. मग सही केली. त्या संध्याकाळी यंत्राचा प्लग पुन्हा लागला. दोनशे ऐंशी खुर्च्या एक दिवस उशिरा गेल्या.

जागा विकली गेली. भाऊजींनी दुकान टाकलं. दादा-वहिनींनी बसथांब्यामागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली, दोन यंत्रं आणि एक टेबल मावेल एवढी. भाडेकरारावर, बिलबुकावर, बँकेत नाव वहिनींचं. सांगाड्यांचं काम बंद केलं, नुसती कव्हरं. हातोडा उचलायला नको म्हणून दादा दुसऱ्या यंत्रावर बसू लागले. बासष्टाव्या वर्षी सरळ शिवण शिकणं म्हणजे काय, ते त्यांना पहिल्या दिवशीच कळलं.

दोघांत बोलणं सुरू झालं होतं, कामापुरतं. माफी दादांनी मागितली नव्हती. एकदा जेवताना म्हणाले होते, "तेव्हा खरंच पैसे नव्हते." वहिनी म्हणाल्या होत्या, "ठाऊक आहे."

तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. एका दवाखान्याच्या बाकांचं काम होतं. दादांनी सकाळपासून खपून एक लांब कव्हर पुरं केलं आणि टेबलावर आणून पसरलं. वहिनींनी चष्मा लावला, कडेवरून अंगठा फिरवत गेल्या. हातभर अंतर नीट होतं. पुढे शिवण डावीकडे ढळली होती, मग घाबरून उजवीकडे आली होती.

दादा शेजारी उभे होते. यंत्राचं तेल बोटांना लागलेलं, ते पाठीमागे पुसत.

"उसवा," वहिनी म्हणाल्या.

"सगळं?"

"सगळं."

दादांनी कव्हर उचललं, खिडकीपाशी उजेडात नेलं आणि एकेक टाका काढायला बसले.